रोख भरणा, पॅन आणि बँकेच्या खिडकीवरचे खासगीपण

बँकेत एका दिवसात पन्नास हजार रुपयांहून अधिक रोख भरायची असेल तर पॅन द्यावे लागते, हा नियम आमच्या किनाऱ्यावर सर्वांना तोंडपाठ झालेला आहे. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव करणाऱ्याला तो ठाऊक असतो, देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदाराला ठाऊक असतो, आणि ज्याने आयुष्यात कधी आयकराचे विवरणपत्र भरले नाही अशा काजूच्या लहान व्यापाऱ्यालाही ठाऊक असतो. मात्र या नियमाभोवती जी समजूत तयार झाली आहे ती नियमाहून बरीच ऐसपैस आहे. पन्नास हजारांच्या आत राहिले की कोणी काही विचारत नाही, कोठे नोंद होत नाही आणि आपला व्यवहार आपल्यापुरता राहतो, असे लोक खरोखर मानतात. दापोली तालुक्यातील काही बोटमालकांचे आणि बागायतदारांचे हिशेब लिहिण्याचे काम मी करतो आणि या समजुतीपायी माणसे विनाकारण अडचणीत कशी येतात हे दर हंगामात पाहतो. त्याच वेळी, ओळख पटवण्याच्या नावाखाली बँकेच्या खिडकीवर जे चालते तेही मला मान्य नाही. ओळख देणे ही एक गोष्ट आहे आणि आपली माहिती चारचौघांत सांडणे ही दुसरी. नियम पहिली मागतात आणि व्यवहारात दुसरी घडते, एवढेच मला सांगायचे आहे.

नियम नेमका काय आहे हे आधी पाहू. १९६२ च्या आयकर नियमांतील ११४ब या नियमानुसार बँकेत किंवा सहकारी बँकेत एका दिवसात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख भरताना पॅन नमूद करावे लागते आणि पॅन नसल्यास फॉर्म ६० हे घोषणापत्र भरून द्यावे लागते. ही रोजची मर्यादा झाली. मे २०२२ मध्ये तिला वर्षाची मर्यादा जोडली गेली: एका आर्थिक वर्षात एक वा अनेक खात्यांत मिळून २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख भरली अथवा काढली, तर पॅन किंवा आधार क्रमांक देणे बंधनकारक झाले, आणि चालू खाते किंवा कॅश क्रेडिट खाते उघडतानाही तेच. (१९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो, तेव्हा येथे दिलेले क्रमांक आणि मर्यादा आम्ही इतकी वर्षे ज्यांखाली भरणा केला त्या आहेत असे समजावे, आणि आज भरणा करायचा असेल तर आजची मर्यादा शाखेत विचारून घ्यावी.)

वर सांगितले ते खातेदाराने बँकेला काय द्यायचे याविषयी. बँकेने सरकारला काय कळवायचे ही बाजू निराळी आहे आणि ती खातेदाराच्या डोळ्यांसमोर कधी येत नाही. बचत खात्यांत वर्षभरात मिळून १० लाख किंवा अधिक रोख जमा झाली, अथवा चालू खात्यांत ५० लाख किंवा अधिक रोखीची उलाढाल झाली, की बँक ती माहिती आयकर विभागाकडे वार्षिक विवरणात पाठवते. याशिवाय २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा आहे, जो १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार १० लाखांवरील प्रत्येक रोख व्यवहाराचा अहवाल बँक पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीतील फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिट या आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे पाठवते. आणि एकमेकांशी जोडलेले लहान लहान व्यवहार एका महिन्यात मिळून १० लाखांच्या वर गेले तर तेही त्याच अहवालात येतात. या शेवटच्या वाक्याकडे आमच्या लोकांचे लक्ष जात नाही. रक्कम तोडून भरणारा माणूस असतो, हे नियम लिहिणाऱ्याने आधीच धरून ठेवलेले आहे.

तरीही रक्कम तोडली जाते. ऑगस्टमध्ये बंदी उठून बोटी समुद्रात गेल्या, पापलेट-सुरमई चांगली लागली आणि लिलावाचे पैसे हातात आले, की नाखवा सोमवारी ४९,०००, मंगळवारी ४९,००० आणि बुधवारी ४८,००० असा भरणा करतो. पैसे स्वकष्टाचे, मासळीचे. लपवण्यासारखे त्यात काहीही नसते. केवळ पॅन घरी राहिले, किंवा पॅन दिले की कर लागतो असे कोणी सांगितले, एवढ्यावरून हा उद्योग चालतो. बँकेच्या संगणकाला मात्र नाखवा दिसत नाही, मर्यादेच्या जरा खाली ओळीने लागलेले आकडे दिसतात, आणि अशा ओळी शोधण्यासाठीच ती व्यवस्था उभी केलेली आहे. सरळ १,४६,००० रुपये पॅनसह भरले असते तर ती एक साधी नोंद झाली असती. पॅन दिल्याने कर लागत नाही, कर उत्पन्नावर लागतो, हे मी दर वर्षी नव्याने सांगतो आणि दर वर्षी माझ्याकडे संशयाने पाहिले जाते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण शहरात बसून लिहिणाऱ्यांच्या मनात रोख म्हणजे काळा पैसा असे समीकरण पक्के बसलेले आहे. मासळीचा व्यवहार रोखीत होतो हे खुद्द आयकराच्या नियमांनी मान्य केलेले आहे. व्यवसायात एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक खर्च रोखीने दिला तर तो वजावटीस पात्र राहत नाही, असे १९६१ च्या कायद्याचे कलम ४०अ(३) सांगते. पण नियम ६डीडी त्यातून शेतमाल आणि मासळीच्या उत्पादकाला केलेली देणी वगळतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००८ मध्ये एक परिपत्रक काढून असेही स्पष्ट केले की, मच्छीमारांनी आणलेली मासळी किनाऱ्यावरच निवडून व्यापाऱ्याला विकणारा त्यांचा म्होरक्यादेखील ‘उत्पादक’ समजला जाईल. हे परिपत्रक लिहिणाऱ्याने एखाद्या बंदरावरचा लिलाव पाहिला असावा असे मला नेहमी वाटते. डिझेलवाला, बर्फवाला, खलाशांचे वाटे, टोपल्या वाहणाऱ्या बाया, या सर्वांना त्याच संध्याकाळी पैसे हवे असतात आणि मासळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. त्यामुळे रोख येथे सोयीची असते, चोरीची नव्हे. मोबाईलवरून पैसे देणे बंदरावरही आले आहे, पण मोठा लिलाव अजून बराचसा नोटांतच चुकता होतो.

रोखीला मोकळीक आहे तशी मर्यादाही आहे, आणि ती आंब्याच्या हंगामात आडवी येते. वित्त कायदा २०१७ ने आणलेल्या कलम २६९एसटीनुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, आणि दंड देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका होतो. बाग करारावर देताना व्यापारी नोटांची पुडकी टेबलावर ठेवतो तेव्हा बागायतदाराला ते मानाचे वाटते. दंडाची जबाबदारी आपल्या पदरात पडते आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. ही रक्कम बँकेत भरायला गेल्यावर पॅन मागितले म्हणून तो बँकेवर रागावतो. खरी गोची त्या टेबलावरच झालेली असते.

आता खासगीपणाकडे येतो.

बँकेने खातेदाराचे व्यवहार गुप्त ठेवावेत हे तत्त्व जुने आहे. इंग्लंडमधील न्यायालयाने १९२४ मध्ये टूर्नियर खटल्यात ते मांडले आणि त्याला चार अपवाद सांगितले: कायद्याची सक्ती, जनतेप्रती कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती. भारतातील राष्ट्रीयीकृत बँकांना १९७० च्या कायद्याच्या कलम १३ ने गुप्ततेचे बंधन घातलेले आहे. पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. आपण आपली माहिती बँकेला एकदा दिली की तिच्यावरचा आपला हक्क संपतो काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या मिलर खटल्यात जवळजवळ होय असेच उत्तर दिले; बँकेतील कागद बँकेचे, खातेदाराचे नव्हेत, अशी ती भूमिका होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली कॅनरा बँकेच्या खटल्यात ती भूमिका नाकारली. आंध्र प्रदेशात मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणाही माणसाला बँकेत शिरून कागद तपासण्याची मुभा दिलेली होती. खासगीपण माणसाचे असते, जागेचे नसते, म्हणून कागद बँकेत ठेवल्याने ते संपत नाही, असे म्हणून न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती घटनाबाह्य ठरली.

या निकालांचा अर्थ सरकारने काहीच विचारू नये असा होत नाही. कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि जितके आवश्यक तितकेच मागितलेले हवे, या कसोट्या त्यांनी घालून दिल्या. पन्नास हजारांवर पॅन मागणे या कसोट्यांना उतरते असे माझे मत आहे, कारण करचुकवेगिरी पकडण्याचा हेतू उघड आहे आणि मागितलेली माहिती एका क्रमांकापुरती आहे. एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तर बँक त्याच युनिटकडे जो वेगळा अहवाल पाठवते, त्याबद्दल मात्र मला तितकी खात्री वाटत नाही. असा अहवाल पाठवला आहे हे खातेदाराला सांगण्यास बँकेला मनाई आहे. तपास सुरू होण्याआधी गुन्हेगार सावध होऊ नये हे कारण मला पटते. पण ज्याच्याबद्दल गैरसमजातून अहवाल गेला त्याने काय करायचे, याचे उत्तर या रचनेत नाही. वार्षिक विवरणाचे तसे नसते. नोव्हेंबर २०२१ पासून आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पाहता येऊ लागले. त्यात बँकेने आपल्याविषयी काय कळवले ते दिसते आणि चूक असल्यास तेथेच हरकत नोंदवता येते. माझ्या मते खातेदाराच्या खासगीपणासाठी अलीकडच्या वर्षांत झालेले हे सर्वांत उपयोगी काम आहे, जरी ते खासगीपणाच्या नावाने झालेले नसले तरी.

पण कोकणातल्या लहान गावात माणसाला दिल्लीची भीती फारशी वाटत नाही. त्याला भीती वाटते ती रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाची.

दोन हंगामांपूर्वी एका शाखेत मी माझ्या कामासाठी बसलो होतो. ओळखीच्या एक मावशी स्वतःच्या खात्यात पैसे भरायला आल्या. दिवाळीआधीची विक्री चांगली झाली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेले ६२,००० रुपये होते. नोटा ओलसर होत्या, मोजण्याच्या यंत्रात दोनदा अडकल्या, म्हणून कॅशिअरने त्या हाताने मोजायला घेतल्या आणि तेवढा वेळ सगळी रांग त्या नोटांकडे पाहत राहिली. मग काचेआडून आवाज आला, “मावशी, हे पन्नासच्या वर आहेत. पॅन कार्ड आणलंय?”

“कार्ड आमच्या ह्यांचं आहे. माझं नाय.”

“ह्यांचं चालत नाही. खातं तुमचं आहे ना? मग फॉर्म साठ भरा. उत्पन्न किती लिहू? एवढे पैसे आले कुठून?”

मावशींनी मागे वळून पाहिले. रांगेत तिसरा उभा होता तो त्यांच्या बोटीला बर्फ पुरवणारा, आणि त्याची उधारी बाकी होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यातले बारा हजार काढून पुन्हा रुमालात बांधले आणि नेमके पन्नास हजार भरून निघाल्या. बर्फवाला त्याच संध्याकाळी दारात गेला, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मुलाकडून कळले. उधारी मागण्याचा हक्क त्याला होताच. पण ते पैसे मावशींनी मुलीच्या शिक्षणासाठी वेगळे ठेवायचे ठरवले होते, आणि कोणाचे देणे आधी फेडायचे हे ठरवण्याची मोकळीक त्यांच्या हातून एका मोठ्या आवाजातल्या प्रश्नाने गेली.

कॅशिअरने नियमाबाहेर काही विचारले नव्हते. फॉर्म ६० मध्ये अंदाजे उत्पन्न लिहावेच लागते, आणि रकमेचा स्रोत विचारण्याचा अधिकार बँकेला आहे. खिडकीवर गर्दी असते, माणसे कमी असतात आणि काचेमुळे आवाज चढवावा लागतो, हेही मी जाणतो. तरीसुद्धा तो फॉर्म बाजूच्या टेबलावर बसून भरता आला असता आणि प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घेता आले असते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकांच्या पाच हक्कांची सनद जाहीर केली, त्यात खासगीपणाचा हक्क आहे. पुष्कळ शाखांत ती चौकटीत लावलेलीही असते. केवायसीच्या, म्हणजे खातेदाराची ओळख पटवण्याच्या, निर्देशांतही, खातेदाराकडून घेतलेली माहिती गोपनीय मानावी आणि त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय दुसरी उत्पादने विकण्यासाठी वापरू नये, असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात आंब्याचे पैसे खात्यात जमा झाल्यावर आठवड्याभरात विम्याची पॉलिसी घ्या म्हणून फोन येतो, आणि फोन करणाऱ्याला रक्कम साधारण किती आहे याचा अंदाज असतो असे बोलण्यावरून वाटते. असा फोन आला तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आमच्याकडे तोंडी भांडण्याची हौस मोठी आणि लेखी तक्रारीचा कंटाळा त्याहून मोठा.

बँकेत असे होते म्हणून बरेच लोक पतसंस्थेकडे वळतात. तेथे कोणी फार विचारत नाही, पिग्मी एजंट दारात येतो, अध्यक्ष ओळखीचे असतात. येथे मी दोन गोष्टी नेहमी सांगतो. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे आणि पतसंस्थेतील ठेवीला तो नाही, ही पहिली. दुसरी अशी की, खासगीपणासाठी पतसंस्थेत जाणे हा उलटा न्याय आहे, कारण संचालक मंडळावर आपलाच चुलता, आपलाच व्यापारी आणि आपल्याच वाडीतला पुढारी बसलेला असतो. ज्यांच्यापासून आकडा लपवायचा त्यांच्याच वहीत तो लिहिला जातो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पिग्मी एजंटच्या खिशातल्या यंत्रातील माहितीही त्याच्या कक्षेत येते, पण हे त्या एजंटला कोणी सांगितलेले मला आढळले नाही.

झेरॉक्सचा विषय तर वेगळाच आहे. केवायसी नूतनीकरण म्हटले की आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, दोन फोटो. कमी जोखमीच्या खातेदाराचे नूतनीकरण दहा वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या खातेदाराचे दोन वर्षांनी अपेक्षित असते, पण शाखा बदलली, कर्ज घेतले, मोबाईल क्रमांक बदलला, की पुन्हा तेच कागद. त्या झेरॉक्स काढणाऱ्या दुकानात अर्धवट छापलेल्या प्रती टेबलाखालच्या खोक्यात पडलेल्या असतात आणि पावसाळ्यात त्यांवर छत्र्या निथळत ठेवतात. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स कोणालाही देऊ नका अशी सूचना काढली आणि गैरअर्थ निघेल म्हणून दोन दिवसांत ती मागे घेण्यात आली. सूचना गेली तरी तिच्यातला शहाणपणा गेला असे मला वाटत नाही. फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ते चालत नसेल तेथे पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमीचे जॉब कार्ड ओळखीसाठी ग्राह्य धरले जाते. सरकारी अनुदान थेट खात्यात घ्यायचे असेल तेव्हा मात्र आधारला पर्याय नाही, आणि डिझेलचा परतावा घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रत देताना तिच्यावर आडवी रेघ मारून ‘अमुक शाखेत केवायसीसाठी’ असे आणि तारीख लिहावी. मी ज्यांचे हिशेब लिहितो त्यांना ही सवय लावली आहे. सुरुवातीला बँकेतल्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या, आता घालत नाहीत.

फॉर्म ६० बाबत एक अखेरची गोष्ट, कारण तीच आमच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त चुकते. या फॉर्ममध्ये शेतीचे उत्पन्न आणि शेतीव्यतिरिक्त उत्पन्न असे दोन वेगळे रकाने असतात. आंबा, काजू, नारळ, सुपारी यांचे बागेतले उत्पन्न पहिल्या रकान्यात जाते आणि ते करमुक्त आहे. मासेमारी हा आयकराच्या दृष्टीने शेतीचा भाग नाही, म्हणून तिचे उत्पन्न दुसऱ्या रकान्यात जाते, आणि ते करपात्र मर्यादेच्या वर असेल तर फॉर्म ६० चालतच नाही, पॅन काढावेच लागते. खिडकीवर घाईने भरलेल्या फॉर्ममध्ये मासळीचे पैसे सर्रास शेतीच्या रकान्यात लिहिले जातात; बँक हे फॉर्म एकत्र करून सहामाहीला आयकर विभागाकडे पाठवते, आणि तेथे ती साधी चूक खोट्या प्रतिज्ञापनासारखी दिसू शकते. मावशींचे पॅन आम्ही त्यानंतरच्या जूनमध्ये काढून घेतले. त्या आता कार्ड पिशवीत ठेवत नाहीत. क्रमांक घरूनच भरणा स्लिपच्या मागे लिहून नेतात आणि स्लिप काचेखालून सरकवतात, त्यामुळे कॅशिअरला विचारण्यासारखे काही उरत नाही.